वार्धक्यातील सामाजिक संबंध आणि हृदयाचे आरोग्य : स्त्री-पुरुषांच्या संदर्भात

प्रस्तावना :

हृदयविकाराची कारणे सांगताना रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व कोलेस्टेरॉल यांचा उल्लेख सर्वत्र होतो. रुग्णाला मन मोकळे करण्यास कोणी आहे काय, हा प्रश्न तपासणीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. वास्तविक त्याचे महत्त्व १९७९ मध्येच आकडेवारीसह पुढे आले होते. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातील ६,९२८ प्रौढांची १९६५ पासूनची नऊ वर्षांची माहिती लिसा बर्कमन व लिओनार्ड साइम यांनी तपासली. विवाह, आप्तमित्र, धर्मसंस्था व अन्य मंडळे यांच्याशी ज्यांचे संबंध अत्यल्प होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट आढळले. हे मृत्यू अर्थातच सर्व कारणांनी झालेले होते. केवळ हृदय व रक्तवाहिन्यांपुरता विचार करणारे, २३ शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सामाजिक संबंध दुर्बळ असणाऱ्यांत हृदयरोगाचा धोका २९ टक्के व पक्षाघाताचा ३२ टक्के अधिक दिसतो.

दीर्घकालीन ताणामुळे कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनॅलिन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते, रक्तदाब चढा राहतो आणि रक्तवाहिन्यांत दाह निर्माण होतो. याखेरीज औषधाची आठवण करणारे वा छातीत दुखू लागताच रुग्णालयात नेणारे माणूस जवळ नसणे, हेही एक साधे पण निर्णायक कारण होय.

स्त्री-पुरुषांतील भेद :

संबंधांची केवळ मोजदाद केल्यास एक महत्त्वाची बाब निसटते. पुरुषाचा भावनिक आधार बहुधा पत्नीत एकवटलेला असतो. ब्रिटनमधील ५५ वर्षे व त्यापुढील ४,४८६ विधुरांच्या १९६९ च्या अभ्यासात पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण समवयस्क विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले. त्यातही सर्वाधिक वाढ हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत होती.

स्त्रियांच्या बाबतीत नात्याचे अस्तित्व पुरेसे ठरत नाही, त्याचे स्वरूप पाहावे लागते. स्टॉकहोम येथे हृदयविकारातून वाचलेल्या ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र वैवाहिक ताण असणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार पुन्हा उद्भवण्याचा धोका २.९ पट होता; नोकरीतील ताणाचा तसा परिणाम मात्र दिसला नाही. अमेरिकेतील ५७,८२५ वयस्क स्त्रियांच्या २०२२ मधील अभ्यासात सामाजिक विलगता आणि एकाकीपणाची भावना या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजण्यात आल्या. पहिलीमुळे धोका ८ टक्के, दुसरीमुळे ५ टक्के वाढलेला आढळला. माणसांत राहूनही एकाकी वाटू शकते, हे येथे गृहीतच धरलेले आहे.

भारतीय संदर्भात हा भेद विशेष लक्षात घ्यावा लागतो. एकत्र कुटुंबातील वृद्ध स्त्रीला 'आपण कोणाबरोबर राहता?' असे विचारल्यास उत्तरात मुलगा, सून व नातवंडे येतात आणि सर्वेक्षणात तिची नोंद 'आधार असलेली' अशी होते. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा तीच करते काय, आणि तिला बरे नसल्यास ती प्रथम कोणाला सांगते, हे दोन प्रश्न त्या प्रश्नावलीत नसतात.