पोलीस पाटील : गावातलं पहिलं दार

चुलीवरचं आवरलं असेल, शेतावर निघायच्या आधी दहा मिनिटं आमच्यासाठी काढा.

मागच्या महिन्यात बचत गटांच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला : "आपल्या गावचा पोलीस पाटील कोण?" बत्तीस बाया बसल्या होत्या. नऊ जणींनी नाव सांगितलं. सहा जणींनी सरपंचाचं नाव घेतलं. एक आजी म्हणाल्या, "पाटील म्हंजे वाड्यावरचे, आणखी कोण?" बाकीच्या गप्प. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आजींचं अगदीच चुकलं नव्हतं. पूर्वी पाटीलकी वतनाची होती, बापाकडून लेकाकडे जायची. 1962 च्या कायद्यानं ती वंशपरंपरा संपली. पुढं 1967 चा महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा आला आणि पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. आता आडनाव काहीही असो, जात कोणतीही असो, बाई असो की पुरुष, पात्र असेल त्याला अर्ज करता येतो. नेमणूक प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी करतात. सरपंच आपल्या मतावर येतो, पोलीस पाटील तसा येत नाही. म्हणून निवडणुकीत कोणी कोणाला मत दिलं, याच्याशी त्याच्या कामाचा संबंध नसावा.

काम काय? गावातल्या गुन्ह्याची, भांडणाची, शांतता बिघडेल अशा गोष्टीची खबर ठाण्याला आणि दंडाधिकाऱ्यांना द्यायची. गुन्हा घडू नये म्हणून आधीच लक्ष ठेवायचं. पोलिसांना तपासात मदत करायची. गावच्या आरोग्याची आणि एकूण परिस्थितीची माहितीही वर कळवायची. आणि कोणाचा अचानक किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला, तर गावातली दोन-चार समजूतदार माणसं बोलावून पाहणी करायची, लेखी अहवाल ठाण्याला द्यायचा. संशय असेल तर लगेच ठाण्याला कळवायचं.

या शेवटच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे. सांगताना आम्हालाही जड जातंय.

आमच्या एका गटात एक सून होती. लग्नाला पाच वर्षं झालेली. हप्ता कधी चुकवला नाही. एकदा बैठकीला हाताला पट्टी बांधून आली आणि घरची मारहाण सांगितली. आम्ही तिला घेऊन तेव्हाच्या पोलीस पाटलांकडे गेलो. त्यांनी दोन्हीकडच्यांना मारुतीच्या देवळात बसवलं, कागद लिहिला, "मिटलं" म्हणाले. त्या कागदावर साक्षीदार म्हणून आमच्याही सह्या आहेत. आम्हाला वाटलं, संसार वाचवला.

आठ महिन्यांनी पहाटे कळलं, ती गेली. पाय घसरून विहिरीत पडली म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा लाकडं रचून झाली होती. आमच्या गावचं पद तेव्हा रिकामं होतं, शेजारच्या गावच्या पोलीस पाटील ताईंकडं जादा कार्यभार होता. त्या स्कूटीवरून आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "पोलीस आल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही." कोणी म्हणालं, "ताई, घरच्या दुःखात कायदा कशाला?" त्या जागच्या हलल्या नाहीत. ठाण्याला फोन केला आणि पोलीस येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. शवविच्छेदन झालं. प्रकरण आता न्यायालयात आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण त्या सकाळी ताई नसत्या, तर न्यायालयापुढं ठेवायला काहीच उरलं नसतं.

यातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिली, पोलीस पाटील म्हणजे न्यायाधीश नव्हे. बांधाचा, पाण्याचा किरकोळ तंटा समजुतीनं मिटत असेल तर चांगलंच. पण मारहाण, हुंड्याचा छळ, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार हे देवळात बसून मिटवायचे विषय नाहीत. तिथं त्यांचं काम ठाण्याला खबर देणं हे आहे. "मिटवून घ्या" म्हणून कोणी कागद पुढं केला, तर सही करू नका. आमची सही आम्हाला आजही टोचते.

दुसरी, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा मृत्यू झाला आणि संशय असेल, किंवा तिच्या नातेवाइकानं मागणी केली, तर शवविच्छेदन करावं लागतं. माहेरच्यांनी हे स्पष्ट सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी, पोलीस पाटील हे पहिलं दार आहे, एकमेव नाही. ते ऐकत नसतील तर 112 वर फोन करा. बाईसाठी 181, मुलांसाठी 1098 आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी येऊन विचारावं लागतं. बालविवाह ठरत असेल तर ग्रामसेवकांनाही कळवा, गावात तो रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. आणि पोलीस पाटीलच कामात कसूर करत असतील, तर लेखी तक्रार प्रांत कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

आता थोडं दुसऱ्या बाजूनंही बघू. हे पद सोपं नाही. चोवीस तास गावात, ज्याची खबर द्यायची त्याच्याच शेजारी राहायचं. मानधन बरीच वर्षं तुटपुंजं होतं. 2024 मध्ये ते साडेसहा हजारांवरून महिना पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. पण नवा कायदा, मोबाइलवरची फसवणूक, पुरावा जपणं, हे सगळं नुसत्या मानधनानं येत नाही, त्याला शिकवण लागते. ठाण्यातल्या बैठकीत बंदोबस्ताबरोबर बायकांच्या तक्रारी कशा हाताळायच्या, हेही शिकवावं, अशी मागणी आपण ग्रामसभेत करू शकतो. त्या ताई आम्हाला म्हणाल्या, "मला कोणी शिकवलं नव्हतं. कायद्याचं पुस्तक आणून मीच वाचलं."

म्हणून दोन कामं सांगतो. पुढच्या बैठकीला आपल्या पोलीस पाटलांना बोलवा. चहा द्या, त्यांचा नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये टाका, आणि विचारा : रात्री-अपरात्री बाईचा फोन आला तर तुम्ही काय करता?

दुसरं, भरतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. दहावी पास, वय 25 ते 45, त्याच गावची रहिवासी, एवढी मुख्य अट. 80 गुणांची लेखी परीक्षा, 20 ची तोंडी. आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत, ज्या हिशेबाची वही चोख ठेवतात आणि कोणाला भीत नाहीत. पाटलाची बायको ती पाटलीण, हे आपण लहानपणापासून ऐकलं. आता बाई स्वतःच पाटील होऊ शकते.

आम्ही त्या सुनेचं नाव गटाच्या वहीतून अजून खोडलेलं नाही. हजेरी घेताना तिथं क्षणभर थांबतो, आणि मग पुढचं नाव घेतो.

पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.