शपथेविना शब्द

लहानपणी आमच्या गल्लीत शपथांना तोटा नव्हता. कुणी 'देवाशप्पथ' म्हणे, कुणी 'आईशप्पथ', आणि माझ्यासारखा 'खुदा की कसम'. शपथ खोटी असली तर हळूच 'सुटली' म्हणायचे की आपण मोकळे! शपथेतून इतक्या सहज सुटता येत असेल, तर तिचा उपयोग काय?

पुढे बायबल वाचताना या प्रश्नाचे उत्तर भेटले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात येशू ख्रिस्त म्हणतो की शपथ मुळी वाहूच नका. आकाशाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या मस्तकाचीही नको; डोक्यावरचा एक केस काळा की पांढरा, हेही आपल्या हाती नाही. होकार द्यायचा असेल तर तेवढाच द्या, नकार असेल तर तेवढाच. यामागचा विचार सरळ आहे. शपथ घेणारा आपल्या बोलण्याचे दोन भाग करतो. एक शपथेवरचे, खरे, दुसरे सोयीचे. श्रद्धावंताचा तर प्रत्येक शब्द देवासमोरच उच्चारला जातो. मग देवाला साक्षीला वेगळे कशाला बोलवायचे?

सगळेच ख्रिस्ती पंथ शपथ वर्ज्य मानत नाहीत. पण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर पंथाने ही शिकवण अक्षरशः पाळली. न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्यांच्यातले कित्येक तुरुंगात गेले. अखेर १६९६ मध्ये काही कामांपुरते त्यांचे साधे कथन कायद्याने मान्य झाले. आज आपले मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ' घेतात किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करतात. त्या दुसऱ्या पर्यायाचे मूळ या माणसांच्या हट्टात आहे.

विल्यम पेन याच पंथाचा. १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला अमेरिकेतला मोठा प्रदेश दिला. तोच पेनसिल्व्हेनिया. राजाची सनद हाती असूनही, तिथे आधीपासून राहणाऱ्या लेनापी लोकांकडून जमीन मोबदला देऊनच घ्यायची, असे पेनने ठरवले. १६८२ मध्ये एका एल्म वृक्षाखाली त्याने त्यांना मैत्रीचा शब्द दिला, अशी परंपरा सांगते. शपथेवाचून झालेला आणि कधीही न मोडलेला हा एकमेव करार, असे व्हॉल्टेअरने पुढे त्याचे कौतुक केले.

ते कौतुक फार काळ खरे राहिले नाही. पेनच्या पश्चात त्याच्या मुलांनी १६८६ चा म्हणून एक जुना दस्तऐवज पुढे केला. माणूस दीड दिवसात चालेल तितकी जमीन द्यायची, असे त्यात असल्याचे त्यांचे म्हणणे. १७३७ मध्ये त्यांनी आधी वाट साफ करून घेतली आणि तीन चपळ माणसे पैसे देऊन सोडली. त्यांतल्या एकाने शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापले. लेनापींची सुमारे १२०० चौरस मैल जमीन गेली. त्यांच्या वारसांनी अलीकडे न्यायालयात दाद मागितली, पण २००६ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

बापाने शब्द दिला आणि तो पाळला. मुलांनी कागदातल्या अक्षरावर बोट ठेवले आणि शब्द बुडवला. बायबलमधल्या पंधराव्या स्तोत्रात देवाच्या सहवासाला पात्र असलेल्या माणसाचे वर्णन आहे. स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेले वचन तो फिरवत नाही. वचनाची परीक्षा तिथेच होते. फायद्याचे वचन कोण पाळत नाही?

माझ्या धर्मातही वचने पुरी करण्याची आज्ञा आहे. उद्याचे काही कबूल करताना 'इन्शाअल्ला' म्हणावे, अशी कुराणाची शिकवण आहे. म्हणजे माझ्याकडून कसूर होणार नाही, बाकी अल्लाच्या मर्जीवर. पण खरे सांगायचे तर टाळायच्या कामालाही मी अनेकदा 'इन्शाअल्ला' म्हटले आहे. गल्लीतल्या 'सुटली'चाच तो मोठेपणीचा अवतार! दुसऱ्याच्या धर्मग्रंथाने माझी ही चोरी पकडली. तेव्हापासून 'येतो' म्हणण्याआधी मी क्षणभर थांबतो; जमणार नसेल तर तसे सांगून टाकतो.