नशेच्या वाटेवर : लेखांक 7
आधी जीव, मग व्यसन

मागच्या लेखात मुक्तांगणबद्दल लिहिलं होतं. 1986 साली पुण्यात सुरू झालेलं हे केंद्र पूर्ण व्यसनमुक्तीचा रस्ता धरतं. लेख वाचून निंबर्ग्याहून एका वाचकांनी फोन केला. "सगळं बरोबर आहे सर, पण ज्याला सोडायचंच नाही त्याचं काय करायचं हो?"

त्याला निदान जिवंत ठेवायचं. याला सरकारी कागदात 'हानी न्यूनीकरण' म्हणतात. काम करणारं कुणी हा शब्द तोंडाने उच्चारत नाही. मुंबईत संकल्प ही संस्था 1990 च्या दशकापासून हेच करते आहे. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुईने टोचणाऱ्यांत एकच सुई चौघांत फिरते आणि तिच्याबरोबर एचआयव्ही नि काविळीचे विषाणूही. कार्यकर्ता वापरलेली सुई घेतो, कोरी देतो. ज्याची तयारी असेल त्याला गर्दऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती कुटून जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत समोर बसवतात, मग जीभ उचलायला लावून बघतात, कारण गालात दडवलेली गोळी बाहेर विकली जाते. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, टळते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

हे नशेला खतपाणी घालणं नव्हे का? 2017 च्या एचआयव्ही कायद्याने याचं उत्तर दिलंय. कलम 22 मध्ये चक्क उदाहरण आहे: नोंदणीकृत कार्यक्रमात 'क्ष'ने जुनी सुई घेऊन नवी दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार नाहीत. कायदा इतकं सरळ बोलताना क्वचितच दिसतो.

आपल्या कलबुर्गी-बीदरची पूर्वेकडची हद्द मात्र तेलंगणाला लागते, आणि तिकडचा प्रश्न सुईचा कमी, शिंदीचा जास्त. झाडाचा रस थोडा, बाकी पाणी आणि पावडर: क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. 2015 च्या सप्टेंबरात तिथे भेसळीवर छापे पडले. पावडर बंद झाली आणि निजामाबादकडचे दवाखाने भरले. हात थरथरतायत, भास होतायत, फिट येतेय. काहीजण दगावले. छापे चूक नव्हते. पिणाऱ्यांचं पुढे काय होईल, याचा विचार आधी कुणी केला नाही, ही चूक.

गर्दची टर्की असह्य असते, पण एरवी धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. शिंदीतल्या पावडरीची आणि दारूची मात्र मारू शकते. म्हणून ही सवय डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

तेव्हा घरात कुणी रोज शिंदी किंवा दारू पीत असेल, तर त्याला शपथ घालून खोलीत कोंडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. 14446 या सरकारी हेल्पलाइनला पैसे पडत नाहीत. आणि रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, हे लाजेपोटी कमी करून सांगू नका. औषधाचा डोस त्यावरूनच ठरतो.