मर्ल ओबेरॉन : ग्लॅमरची घडण आणि जन्मस्थानाचे मौन

प्रास्ताविक

१९३० ते १९४५ या कालखंडातील हॉलिवूडच्या लावण्यवती अभिनेत्रींमध्ये मर्ल ओबेरॉन हिची गणना होते. 'वदरिंग हाइट्स' (१९३९) या चित्रपटातील कॅथी ही तिची भूमिका आजही चित्रपटाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आपला जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर झाला, असे ती जवळजवळ हयातभर सांगत राहिली. प्रत्यक्षात तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला होता. १९७९ मध्ये तिचे निधन झाले आणि १९८३ मध्ये चार्ल्स हायम व रॉय मोझली यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाल्यावर तिच्या भारतीय जन्माची गोष्ट सर्वतोमुखी झाली. तेव्हापासून तिच्याविषयी लिहिताना 'खोटेपणा' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. हे लपविणे एकट्या स्त्रीचे कृत्य नव्हते. चित्रपटसंस्था, तत्कालीन कायदा आणि छायाचित्रणाचे तंत्र यांचा त्यात बरोबरीचा वाटा होता, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबई आणि कलकत्ता

तिचे मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घरात तिला 'क्वीनी' म्हणत. १९११ च्या अखेरीस सम्राट पंचम जॉर्ज व सम्राज्ञी मेरी यांचे मुंबई बंदरात आगमन झाले. या आगमनाच्या स्मरणार्थ पुढे 'गेटवे ऑफ इंडिया' उभारण्यात आले, आणि क्वीनी हे लाडके नावही त्याच प्रसंगावरून पडले, असे सांगितले जाते. वडील रेल्वेच्या नोकरीतील ब्रिटिश अभियंता. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि मरण पावले. शार्लट सेल्बी ही सिलोनमधील मिश्रवंशीय स्त्री तिची आई म्हणून वावरत होती. वास्तविक शार्लट तिची आजी होती. शार्लटची किशोरवयीन मुलगी कॉन्स्टन्स ही मर्लची जन्मदात्री. तिला मात्र मर्ल थोरली बहीण समजत आली. म्हणजे या आयुष्यातील पहिले गुपित हॉलिवूडने निर्माण केलेले नाही. ते घरातच, एका अल्पवयीन मातेची अब्रू झाकण्यासाठी जन्माला आले होते.

१९१७ च्या सुमारास हे कुटुंब कलकत्त्यास गेले. तेथील ला मार्टिनिएर या प्रतिष्ठित शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, परंतु मिश्र वंशावरून होणाऱ्या हेटाळणीमुळे तिने शाळा सोडली. अँग्लो-इंडियन समाजाची स्थिती त्या काळी विलक्षण होती. सत्ताधारी गोऱ्यांना हा समाज आपला वाटत नव्हता आणि तो स्वतःला एतद्देशीय मानावयास तयार नव्हता. तिच्या एका गोऱ्या चाहत्याने सावळ्या वर्णाची तिची 'आई' पाहताच संबंध आवरता घेतला, असेही चरित्रकार नमूद करतात. १९२८ च्या सुमारास आजी व नात युरोपला गेल्या. हा धडा तोवर पुरता गिरवून झालेला होता.

याच सुमारास मुंबईच्या मूकपटसृष्टीत नेमकी उलट प्रक्रिया चालू होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू रूबी मायर्स 'सुलोचना' या नावाने लोकप्रिय झाली. रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन तरुणी 'सीतादेवी' झाली. एकीकडे गोरेपणावर हिंदू नावाचा साज चढविला जात होता, तर दुसरीकडे मुंबईत जन्मलेल्या मुलीसाठी बेटच्या बेट शोधले जात होते.

लंडन : अलेक्झांडर कोर्डाचा कारखाना

लंडनमध्ये 'क्वीनी ओब्रायन' या नावाने तिने कॅफे द पारीमध्ये काम केले आणि चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. हंगेरीतून आलेला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा याने तिला हेरले. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मधील अ‍ॅन बोलिनची भूमिका छोटी आहे. वधस्तंभाकडे जाण्यापूर्वीचे तिचे शांत सौंदर्य मात्र प्रेक्षकांच्या मनात ठसले. 'द स्कार्लेट पिंपरनेल' (१९३४) मध्ये ती नायिका झाली.

नवे जन्मस्थान याच काळात निश्चित झाले. टास्मानियाची निवड हेतुपूर्वक झालेली दिसते : बेट इंग्लंडपासून दूर, वृत्तीने अत्यंत ब्रिटिश, आणि जन्मनोंद आगीत नष्ट झाल्याचे सांगण्याची सोय. बरोबर राहणाऱ्या सावळ्या शार्लटची ओळख पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जात असे, ही गोष्ट अनेक ठिकाणी नोंदविलेली आहे. १९३७ मध्ये शार्लटचे निधन झाले. पुढे एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र करवून घेताना ओबेरॉनने आजीचा वर्ण उजळ रंगविण्यास सांगितले. तिच्या आयुष्यातील सर्वात क्लेशदायक तपशील बहुधा हाच असावा. ते चित्र प्रेक्षकांसाठी नव्हते. ते घरात लावण्यासाठी होते.

कोर्डाच्याच संस्थेने म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा साबू याला 'एलिफंट बॉय' (१९३७) या चित्रपटाद्वारे जगापुढे आणले. साबूचे भारतीयत्व हेच त्याचे भांडवल ठरले. त्याला डोक्याला फेटा आणि शेजारी हत्ती एवढ्याच परिघात राहावे लागले. ओबेरॉनला इंग्रज कुलवधूची भूमिका मिळाली, कारण ती भारतीय आहे हे कोणास ठाऊक नव्हते. एकाच छताखाली वाढलेल्या या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या, तर सत्य सांगितल्यास तिच्या वाट्याला काय आले असते याचा अंदाज येतो.

हॉलिवूड : कायदा, संहिता आणि प्रकाश

कोर्डाने तिच्या करारातील हिस्सा सॅम्युएल गोल्डविन यास दिला आणि ती अमेरिकेत गेली. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भूभागातील लोकांना स्थलांतरबंदी केली होती. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी 'गोरे' मानता येणार नाही असा निर्णय दिला; ही बंधने १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने काही अंशी सैल झाली. चित्रपटसृष्टीची स्वतःची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे अमलात येऊ लागली आणि पडद्यावरील आंतरवंशीय प्रणय तिने निषिद्ध ठरविला. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची अभिनेत्री प्रसिद्धीच्या शिखरावर असतानाही 'द गुड अर्थ' (१९३७) मधील चिनी नायिकेची भूमिका लुइझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली. अशा परिस्थितीत मुंबईचे नाव उच्चारणे म्हणजे नायिकापदावर पाणी सोडणे होते.

'द डार्क एंजल' (१९३५) मधील भूमिकेसाठी ओबेरॉनला ऑस्कर नामांकन मिळाले. या चित्रपटातील, तसेच 'दीज थ्री' (१९३६) मधील तिचा अभिनय संयत आहे. काही समीक्षकांना तो थंड वाटला. पण भावना राखून ठेवण्याची ही रीत तिच्या ठायी शिकविलेली वाटत नाही. 'वदरिंग हाइट्स'मध्ये ती ऑलिव्हिएसमोर फिकी पडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या चित्रपटातील एक विसंगती ध्यानात घ्यावी. एमिली ब्राँटेच्या कादंबरीत सावळा, कुळाचा ठावठिकाणा नसलेला आहे तो हीथक्लिफ. पडद्यावर त्या भूमिकेत इंग्रज ऑलिव्हिए आहे आणि त्याच्यासमोर गोऱ्या घरंदाज कॅथीच्या भूमिकेत मुंबईची क्वीनी.

या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ग्रेग टोलंड यास ऑस्कर मिळाले. चित्रपटाची प्रकाशयोजना गोऱ्या चेहऱ्याला प्रमाण मानून विकसित झाली, हे रिचर्ड डायर यांनी 'व्हाइट' (१९९७) या ग्रंथात दाखविले आहे. ओबेरॉनच्या बाबतीत हा सिद्धान्त शब्दशः लागू पडतो. १९३७ मध्ये मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि स्टर्नबर्गचा 'आय, क्लॉडियस' अपुराच राहिला. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची प्रतिक्रिया यांमुळे तिची त्वचा आणखी बिघडली. 'द लॉजर' (१९४४) चा छायाचित्रकार लुसियन बॅलर्ड याने कॅमेऱ्यालगत बसविलेला एक दिवा वापरला. समोरून पडणाऱ्या त्याच्या थेट प्रकाशात व्रण पुसट होत आणि चेहरा उजळे. आजही हा दिवा 'ओबी' या नावाने ओळखला जातो, तो तिच्याच नावावरून. १९३९ मध्ये कोर्डाशी झालेला तिचा विवाह १९४५ मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षी तिने बॅलर्डशी विवाह केला.

उत्तरायुष्य आणि पुनर्शोध

यानंतरची कारकीर्द उतरणीची आहे. 'अ साँग टू रिमेंबर' (१९४५) मधील जॉर्ज सँड आणि 'देझिरे' (१९५४) मधील जोसेफिन या भूमिका उल्लेखनीय. १९५७ मध्ये तिने उद्योगपती ब्रुनो पाग्लिआय याच्याशी विवाह केला व ती मेक्सिकोत स्थिरावली. 'इंटर्व्हल' (१९७३) हा तिचा अखेरचा चित्रपट.

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट येथे तिचा नागरी सत्कार ठरला. ज्या भूमीची कन्या म्हणून ती चाळीसहून अधिक वर्षे ओळखली गेली, तेथे ती अस्वस्थ झाली आणि समारंभ अर्धवट सोडून गेली, असे वृत्तान्त आहेत. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, मालिबू येथे तिचे निधन झाले. टास्मानियातील काही लोकांनी मात्र तिच्यावरील हक्क सोडलेला नाही. एका चिनी वंशाच्या स्थानिक स्त्रीची ती मुलगी, ही दंतकथा तेथे अद्याप सांगितली जाते. मरी डेलॉफ्स्की यांच्या 'द ट्रबल विथ मर्ल' (२००२) या माहितीपटाचा तोच विषय आहे. या माहितीपटात कॉन्स्टन्सचा मुलगाही भेटतो. मर्ल आपली मावशी अशीच त्याची समजूत होती. मुंबईत तिची जन्मनोंद पाहिल्यावर ती आपली सावत्र बहीण असल्याचे त्याला कळले. तो तिला भेटावयास लॉस एंजेलिसला गेला होता. तिने भेट नाकारली. १९८३ च्या चरित्रकारांपासूनही त्याने ही माहिती राखून ठेवली होती.

२०२३ मध्ये मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा या विभागातील पहिली आशियाई कोण हा प्रश्न वृत्तपत्रांना पडला. ओबेरॉनचे १९३५ च्या चित्रपटासाठीचे नामांकन आडवे आल्यामुळे 'स्वतःची ओळख आशियाई म्हणून सांगणारी पहिली' अशी शब्दयोजना अनेकांना करावी लागली. २०२५ मध्ये मयूख सेन यांनी लिहिलेले तिचे नवे चरित्र प्रसिद्ध झाले असून, त्याच्या शीर्षकात लंडनपर्यंत तिला सोबत करणारे 'क्वीनी' हे घरगुती नाव आहे.