निरोप कापणारा रेणु

पेशीच्या गाभ्यांतील डी. एन. ए. हा जणूं मूळ दस्तऐवज, त्यावरून उतरून घेतलेली नक्कल म्हणजे आर. एन. ए., आणि त्या नकलेबरहुकूम घडलेलीं प्रथिनें हींच काय तीं कामकरी, अशी वांटणी जीवशास्त्रांत बराच काळ रूढ होती. रासायनिक क्रियेस चालना देण्याचा मान प्रथिनांचा, आर. एन. ए. नें निरोप पोंचवावा, एवढेंच. या समजुतीस १९८२ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत थॉमस चेक यांनीं धक्का दिला. टेट्राहायमेना नांवाच्या गोड्या पाण्यांतील एकपेशीय जीवाच्या आर. एन. ए. मधील एक तुकडा कोणत्याही प्रथिनाच्या साह्यावांचून आपला आपणच तुटून बाहेर पडतो व उरलेलीं टोकें जुळून येतात, असें त्यांस आढळलें. पुढच्याच वर्षीं येल विद्यापीठाचे सिडने ऑल्टमन यांनीं जंतूंमध्यें असाच कर्तबगार आर. एन. ए. दाखविला. १९८९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. अशा रेणूंस रिबोझाइम म्हणतात.

वैद्यकाची आशा मात्र दुसऱ्याच एका रिबोझाइमवर जडली. वनस्पतींना पीडणाऱ्या कांहीं अतिसूक्ष्म आर. एन. ए. मध्यें तो सांपडला. कागदावरची त्याची आकृति हातोडीच्या डोक्यासारखी दिसते, म्हणून त्याचें नांवही तसेंच पडलें. त्याच्या मध्यभागीं धार, दोन्ही बाजूंस दोन हात. आर. एन. ए. चीं अक्षरें चार, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या. तेव्हां हातांतील अक्षरें बदललीं कीं तो पाहिजे त्या निरोपास जाऊन बिलगतो, मधोमध कापतो, आणि तुकडे गळून पडतांच पुढच्या कामास मोकळा होतो. हें १९८८ सालीं ऑस्ट्रेलियांत हॅसेलॉफ व गर्लाक यांनीं सिद्ध केलें. रोगकारक प्रथिन तयार होऊन मग त्याच्याशीं झुंजण्यापेक्षां त्याची आज्ञाच तोडावी, ही कल्पना मोहक होती यांत शंका नाहीं.

एच. आय. व्ही. चा वारसाच आर. एन. ए. चा असल्यामुळें तो पहिलें लक्ष्य ठरला. रुग्णाच्याच रक्तोत्पादक पेशी काढून, त्यांत रिबोझाइमचा जनुक घालून, त्या परत सोडावयाच्या, अशी योजना होती. ७४ रुग्णांवरील चांचणीचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. उपचार निर्धोक ठरला. उपचार घेतलेल्यांच्या रक्तांत संरक्षक पेशीही कांहींशा अधिक टिकल्या. परंतु ४७ व ४८ व्या आठवड्यांतील विषाणूंचें प्रमाण, जें मुख्य गमक मानलें होतें, त्यांत निर्णायक फरक दिसला नाहीं.

असें कां व्हावें? परीक्षानळींत मॅग्नेशियम मुबलक देतां येतें, पेशींत तें तोकडें असतें. त्यावांचून ही धार बोथटच. निरोपाची दोरी स्वतःभोंवतीं गुंडाळलेली असते, त्यामुळें कापावयाची जागा हातीं लागत नाहीं. बाहेरून टोंचलेला आर. एन. ए. रक्तांतील विकरें क्षणांत फस्त करतात. आणि कात्री पेशींत असली तरी निरोप ज्या कोपऱ्यांत आहे तेथेंच ती असावयास हवी. त्यांतच १९९८ सालीं फायर व मेलो यांनीं निरोप नष्ट करण्याची प्राणिपेशींचीच एक स्वाभाविक यंत्रणा उघड केली, आणि संशोधकांचा ओघ तिकडे वळला. त्या मार्गाचें पहिलें औषध, पॅटिसिरान, २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

तरीही चेक यांचा मूळ रिबोझाइम एक वेगळें काम करूं शकतो: कापून तो जोडतोही. विदर्भांतील व सातपुड्यांतील अनेक आदिवासी कुटुंबांस परिचित असलेल्या सिकलसेल विकारांत रक्तप्रथिनाच्या निरोपांतलें एकच अक्षर चुकलेलें असतें. १९९८ सालीं सलेंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रुग्णांच्या तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी प्रयोगशाळेंत घेऊन, चुकलेला भाग काढून त्या जागीं निर्दोष मजकूर रिबोझाइमकडून जोडवून दाखविला. मूळ दस्तऐवजास हात न लावतां नक्कल दुरुस्त झाली. शंभरांतील किती नकला दुरुस्त झाल्या म्हणजे रुग्णाची वेदना थांबेल, हा प्रश्न तेथून पुढें सुरू होतो.