गर्भारपणातील क्रुकेनबर्ग अर्बुद : निदानाचा प्रश्न

जठराचा कर्करोग गर्भारपणात क्वचितच आढळतो; परंतु जेव्हा आढळतो तेव्हा तो बहुधा पुढच्या अवस्थेस पोचलेला असतो. निदानास होणारा विलंब हे याचे एक मोठे कारण होय. मळमळ, वांत्या, अन्नावरची वासना उडणे, पोटाच्या वरच्या भागातील वेदना, थकवा व रक्तक्षय ही या रोगाची लक्षणे. आणि गर्भिणीच्या नित्याच्या तक्रारीही ह्याच. काळ्या रंगाचे शौच हे जठरातील रक्तस्रावाचे चिन्ह आहे. पण लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत त्याचा दोष सहजच गोळ्यांवर टाकला जातो. त्यामुळे काही रुग्णांत रोगाची पहिली वार्ता जठराकडून न येता अंडाशयाकडून येते.

१८९६ मध्ये फ्रीड्रिख क्रुकेनबर्ग या जर्मन वैद्याने श्लेष्मयुक्त कोशिका असलेल्या अंडाशय-अर्बुदांचे वर्णन केले व ती अंडाशयातच उद्भवतात असे मानले. १९०२ मध्ये श्लागेनहाउफर याने ती दुय्यम स्वरूपाची असून त्यांचे मूळ अन्यत्र, विशेषतः जठरात असते, हे दाखविले. अशा सुमारे ७० टक्के अर्बुदांचे मूळ जठरात सापडते आणि सुमारे ८० टक्के रुग्णांत दोन्ही अंडाशय ग्रासलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली श्लेष्माने फुगलेल्या व केंद्रक कडेला सारले गेलेल्या कोशिका दिसतात. खडा बसविलेल्या अंगठीशी असलेल्या साम्यामुळे त्यांना मुद्रिका-कोशिका म्हणतात. अर्बुदाचा पृष्ठभाग पुष्कळदा गुळगुळीत असतो. त्यावरून हा प्रसार उदरपोकळीत कोशिका गळून पडल्याने होत नसून लसीकावाहिन्यांच्या मार्गाने होत असावा, असे मानण्याकडे कल आहे.

गर्भारपणात या अर्बुदाला आणखी एक फसवे रूप येते. गर्भपोषक संप्रेरकाच्या प्रभावाखाली अर्बुदाभोवतालचे ऊतक पुरुषी संप्रेरके निर्माण करू लागते. मग स्त्रीच्या चेहऱ्यावर केस वाढतात, आवाज घोगरा होतो. गर्भ मुलीचा असल्यास तिच्या जननेंद्रियांवरही परिणाम होऊ शकतो. परंतु गर्भारपणातील ल्यूटिओमा या निरुपद्रवी गाठीचे चित्रही असेच असते. तीही घन असते, पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते, आणि प्रसूतीनंतर आपोआप विरते. एका विकारात वाट पाहणे हाच योग्य उपचार, तर दुसऱ्यात वाट पाहणे म्हणजे हातची वेळ दवडणे. निदानाची खरी कसोटी येथे लागते.

या कसोटीत पहिला आधार काळाचा. गर्भारपणातील वांत्या बहुधा नवव्या आठवड्यापूर्वी सुरू होतात व विसाव्या आठवड्यापर्यंत बहुसंख्य स्त्रियांत शमतात. त्या उशिरा सुरू झाल्या, लांबल्या, अथवा त्यांच्या जोडीला रक्तस्राव वा वाढते वजनक्षय असले, तर गर्भारपणाचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत घन गाठी व उदरात पाणी दिसल्यास जठराची तपासणी क्रमप्राप्त होय. रक्तातील दर्शकांवर विसंबता येत नाही : सीए-१२५ पहिल्या तिमाहीत स्वभावतःच वाढते, तर अल्फा-फीटोप्रोटीन गर्भच निर्माण करतो. कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेनवर गर्भारपणाचा परिणाम अल्प असला, तरी ते प्राकृत असल्याने रोग नाही असे म्हणता येत नाही.

निर्णायक परीक्षा म्हणजे जठराचे अंतर्दर्शन व जीवोतक परीक्षा. सबळ कारण असेल तर ती गर्भारपणातही करता येते. शक्य तेथे दुसरी तिमाही पसंत केली जाते आणि स्त्रीला डाव्या कुशीवर निजविले जाते. मात्र हा कर्करोग कधीकधी जठरभित्तीत आतल्या आत पसरतो व वरचे आवरण जवळजवळ प्राकृत दिसते. म्हणून ऊतकाचे नमुने अनेक व खोलवरचे घ्यावे लागतात. प्रसार पाहण्यासाठी रंजकद्रव्याविना चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा उपयोगी पडते.

निदान झाले तरी रोगाचा परिणाम बहुधा प्रतिकूलच असतो. तथापि शस्त्रक्रिया, औषधोपचार व प्रसूतीची वेळ यांचा विचार गर्भाचे वय आणि मातेची इच्छा ध्यानी घेऊन करावयाचा असतो. त्यासाठी हाती उरणारे आठवडे निदान किती लवकर झाले यावरच अवलंबून असतात. म्हणून गर्भिणीच्या अंडाशयात दोन्ही बाजूंना घन गाठी आढळल्यास ल्यूटिओमाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी जठराची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.