असिस्टंट देशातला की परदेशातला? काम कुणाचं चांगलं?

आजचा प्रश्न संगमनेरच्या एका श्रोत्या ताईचा आहे. ती विचारते, "दादा, मला घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करायचंय. अमेरिकेचा क्लायंट धरू की इथलाच? बाहेरच्यांना आपलं काम कमी दर्जाचं वाटतं का?"

आधी शब्द समजून घेऊ. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे ऑफिसात न जाता फोन-लॅपटॉपवरून दुसऱ्याचं काम सांभाळणारा माणूस. ईमेल, बुकिंग, बिलं, एक्सेल शीट, ग्राहकांचे मेसेज, सगळं आलं. तो मालकाच्याच देशात असेल तर डोमेस्टिक, दुसऱ्या देशात असेल तर ऑफशोअर.

आता गंमत बघा. ही ताई न्यूयॉर्कच्या मालकासाठी ऑफशोअर आणि शिर्डीच्या लॉजवाल्यासाठी डोमेस्टिक. माणूस तोच, लॅपटॉप तोच. मग कामाचा दर्जा का बदलावा? तीन कारणं आहेत.

पहिलं, न सांगता माहीत असलेल्या गोष्टी. शिर्डीत गुरुवारी गर्दी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याला तर विचारूच नका. हे आपल्याकडच्या पोराला शिकवावं लागत नाही. मनिलातला हुशार असिस्टंट मात्र नेमक्या त्याच दिवसांवर डिस्काउंट लावून बसेल. उलटंही तसंच. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, हे आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात असतं?

दुसरं, लिहायची पद्धत. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकेत 6 मे. एका आकड्यापायी डिलिव्हरी महिनाभर इकडची तिकडे!

तिसरं, घड्याळ. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे आपले हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. दुपारी काम करताना अडलं तर विचारणार कुणाला? तिकडे मालक झोपलेला. मग आपण अंदाज बांधतो, आणि चूक तिथेच होते. रात्री दोनपर्यंत जागून केलेल्या कामात तर कुणाच्याही चुका होतात. लंडनचं तेवढं अवघड नाही. तिथले सकाळचे 9 म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच.

पण ऑफशोअरची बाजूही भक्कम आहे. 2005 मध्ये ए. जे. जेकब्ज या अमेरिकन लेखकानं स्वतःची कामं बेंगळुरूच्या असिस्टंटकडे सोपवली आणि त्यावर 'एस्क्वायर' मासिकात लेख लिहिला. ज्या कामात फार विचारावं लागत नाही, म्हणजे डेटा नीट लावणं, माहिती शोधणं, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं, तिथं वेळेचा फरक फायद्याचा. मालक संध्याकाळी काम देऊन झोपतो, सकाळी उठतो तर तयार.

म्हणून माणूस नेमणाऱ्यांनो, देश बघून ठरवू नका. तेच छोटं काम, समजा 50 नोंदींची शीट, दोघांना पैसे देऊन करायला सांगा. मग मोजा: चुका किती, परत किती वेळा करावं लागलं, आणि अडलं तेव्हा विचारलं की ठोकून दिलं? कमी पैशांत झालेलं काम दुरुस्त करायला तुमचेच दोन तास गेले, तर ते स्वस्त कसलं?

आणि ताई, आता तुझं उत्तर. सुरुवात इथल्या क्लायंटपासून कर, नाहीतर लंडनच्या वेळेतलं काम बघ. परदेशी काम घेतलंस तर पहिल्याच दिवशी तारीख, सुट्ट्या आणि बोलायची वेळ लिहून घे. आणखी एक. आपल्याला "हो सर" म्हणायची सवय असते. आपल्या मनात त्याचा अर्थ "ऐकलं", समोरच्याला वाटतं "समजलं". त्यापेक्षा "मला असं समजलंय, बरोबर का?" एवढी एक ओळ लिहून पाठव. कामाचा दर्जा तिथूनच सुरू होतो, मग तू संगमनेरला बस नाहीतर शिकागोला.

चला, भेटू पुढच्या भागात!